नाथा ठाकूरचा फिरता बंब

"अरे, मंत्र्याला पन गाडीत गरम पानी मिळत नाय! माझ्या बायकोला मिळनार! डोक्यावरून, धो धो!"

पेणमध्ये रामवाडीच्या नाक्यावर पानाच्या टपरीपुढे उभं राहून नाथा ठाकूरने ही घोषणा केली, तेव्हा सत्त्याण्णव सालचा जानेवारी चालू होता आणि टपरीवर जमलेल्या सात जणांपैकी पाच जणांनी त्या दिवशी आंघोळच केलेली नव्हती. थंडीच तशी पडली होती! त्यामुळे घोषणेचा परिणाम जबरदस्त झाला. टपरीवाल्याचा चुना लावणारा हात पानावरच थांबला.

"गाडीत आंघोळ?"

"गाडीत नाय रे, गाडीच्या बाजूला! गाडी उभी करायची, ताडपत्री सोडायची, नळ फिरवायचा. बास!"

नाथा उगाच बोलत नव्हता. बत्तीस वर्षं त्याने मिठाचा ट्रक चालवला होता. पेणच्या मिठागरांतलं मीठ त्याने नाशिकला नेलं, सोलापूरला नेलं, पार नागपूरला नेलं. निम्म्या महाराष्ट्राची आमटी त्याच्या जिवावर खारट झाली! आणि ह्या बत्तीस वर्षांत त्याच्या बायकोने, चंद्रावतीने, काय पाहिलं? पेण, रोह्याजवळचं माहेर, आणि एकदा पनवेल. पनवेलसुद्धा दवाखान्याच्या खिडकीतून! ट्रक सोडून घरी बसल्यापासून ही गोष्ट नाथाच्या मनात माशाच्या काट्यासारखी अडकून बसली होती. म्हणून त्याने एका बेकरीची जुनी मॅटॅडोर घेतली. आत फळ्यांचा पलंग ठोकला, स्टोव्हला जागा केली, भांड्यांना खण केला, खिडक्यांना जुन्या पातळाचे पडदे लावले. गाडीला अजून खारीचा वास यायचा, पण घर म्हणजे घर होतं. चाकांवरचं! त्यात बसून दोघांनी सगळा मुलूख पाहायचा, असा बेत.

चंद्रावतीने गाडीला बाहेरून एक चक्कर मारली, आतून एक चक्कर मारली, पलंग दाबून पाहिला आणि विचारलं, "आन आंघोळ?"

"नद्या काय कमी हायत आपल्याकडं?"

बस्स! तिथेच बेत अडला. कारण चंद्रावती आणि गरम पाणी ही काही साधी गोष्ट नव्हती. लग्न होऊन आली त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तिने जो बंब पेटवला, तो आजतागायत एक दिवस चुकला नव्हता. एका वर्षी घरात गुडघाभर पुराचं पाणी शिरलं, तेव्हा लोक माळ्यावर देवाचा धावा करत होते आणि ही बाई माळ्यावर चूल मांडून दोन तांबे पाणी ऊन करत होती!

"मी येईन," ती म्हणाली. "कुटं न्याल तिकडं येईन. पन रोज पहाटे गरम पानी पायजे. आन आडोसा पायजे. नदीत बुडी मारायला मी काय म्हैस हाय?"

"दिलं!" नाथाने छाती ठोकली.

"आन माझ्या बंबाला हात लावायचा नाय!"

छाती ठोकून झाल्यावर नाथा लगेच केरूकडे गेला. केरू वेल्डर हा त्याचा जुना दोस्त, डोलवीच्या कंपनीत काँट्रॅक्टवर काम करायचा. शिफ्ट सुटली की वडखळ नाक्यावर स्वतःच्या टपरीत ठिणग्या उडवत बसायचा.

"नाथादा, कंपनीत मी हत्ती जाईल एवढाले पाइप जोडतो! तुझा बंब म्हंजे माझ्या हातचा मळ!"

भंगारवाल्याकडून तांब्याचा एक बंब आला. जुना, पोचे पडलेला, पण ठोकून पाहिला तर देवळाच्या घंटेसारखा वाजला. केरूने मॅटॅडोरच्या मागे लोखंडी चौकट लावून बंब तिच्यात घट्ट बसवला. गाडीच्या टपावर पाण्याचं पिंप ठेवलं. पिंपातून नळी बंबात, बंबातून एक गरम आणि थेट पिंपातून एक थंड नळी गाडीच्या बाजूला, आणि त्यांच्या टोकाला झाडांना पाणी घालायच्या झारीचं तोंड! त्याच्या भोवती पाइपांची चौकट आणि तिच्यावर ताडपत्री. झाली न्हाणी! पाणी उलट पिंपात जाऊ नये म्हणून केरूने मध्ये एक झडप घातली. मग डोकं खाजवलं.

"वाफ कोंडली तर फुटंल रे."

"मग?"

"शिट्टी पायजे. कुकरची."

त्या रात्रीपासून ठाकूरांच्या घरी वरण शिजेना. चंद्रावतीने कुकरची शिट्टी फडताळात शोधली, राखेत शोधली, शेजारणीवर संशय घेतला. नाथाही तिच्याबरोबर शोधत होता, चांगला पलंगाखाली वाकून वाकून!

पहिली चाचणी रामवाडीत, घराच्या अंगणात झाली. ताडपत्रीच्या आत पंचा नेसून नाथा, बाहेर नळावर केरू.

"सोड!"

केरूने नळ सोडला. आतून जी किंकाळी आली, ती ऐकून समोरच्या थांब्यावर यष्टीची वाट पाहणारी माणसं उठून उभी राहिली!

"थंड! थंड सोड, मेल्या!"

केरूने दुसरा नळ सोडला. आतून दुसरी किंकाळी आली, वेगळ्या सुरातली. पिंपातलं पाणी रात्रभर टपावर गारठलेलं! मग गरम, मग थंड, मग दोन्ही, मग काहीच नाही. नाथा आत नाचू लागला, आणि नाचता नाचता त्याचा पाय चौकटीत अडकला. ताडपत्री गाडीवरून सुटली आणि हळूच, नाटकाच्या पडद्यासारखी, खाली बसली. समोर थांब्यावर चाळीस माणसं, मध्ये साबण लावलेला नाथा! बंबाने नेमकी तेव्हाच शिट्टी मारली.

चंद्रावती दारात आली. तिने नवऱ्याकडे पाहिलं नाही. तिने बंबाकडे पाहिलं.

"सापडली माझी शिट्टी," ती म्हणाली.

पण चार दिवसांत सगळं जमलं. केरूने चौकटीला आडवे पाइप मारले, नळांवर लाल आणि निळा रंग दिला, आणि नाथाने नवी शिट्टी आणून कुकरची कुकरला परत केली. उरली फक्त खरी परीक्षा, आणि ती चालून आली. रोह्याजवळ चंद्रावतीच्या भावाच्या, कमळाकरच्या घरी त्याच्या मुलीचा, वैशालीचा साखरपुडा होता. रविवारी अकराला. नाथा म्हणाला, "शनवारी निघू. रोह्याच्या अलीकडं कुंडलिकेच्या काठी मुक्काम करू. पहाटे तू गरम पान्यानं आंघोळ करून, नवं पातळ नेसून, थाटात माहेरी जायचं! जमलं तर पुढं सगळा मुलूख. नाय जमलं तर मी गाडी परत बेकरीला देतो."

"शब्द?"

"शब्द!"

शनिवारी संध्याकाळी नदीकाठच्या आमराईत गाडी लागली. चंद्रावतीने स्टोव्हवर भाकऱ्या टाकल्या, सुक्या बोंबलांची चटणी वाढली आणि फळ्यांच्या पलंगावर ती इतकी गाढ झोपली, की नाथाला निम्मी लढाई जिंकल्यासारखं वाटलं.

पहाटे त्याने बंब पेटवला. नदीवर धुकं होतं, त्यात बंबाचा धूर मिसळला. आंब्यांच्या बुंध्यांमधून तांबडा जाळ दिसत होता. तांब्याचं भांडं, त्यातून निघालेली नळी, नळीच्या टोकाला ठिबकणारे थेंब! नाथाला ते दृश्य काशी विश्वेश्वरासारखं पवित्र वाटलं.

रस्त्याने सायकलवर दुधाच्या किटल्या लावून पोपट दूधवाला चालला होता. त्याला मात्र तेच दृश्य पाहून वेगळंच काही वाटलं. पहाटेची वेळ, नदीचा काठ, झाडांचा आडोसा, तांब्याचं भांडं, नळी, थेंब! पोपटने ब्रेक दाबला. तेवढ्यात बंबाने शिट्टी मारली. "इशारा देतायत!" पोपट मनात म्हणाला आणि जीव मुठीत धरून त्याने पुढच्या नाक्याकडे सायकल हाणली. नाक्यावर हिरामण हवालदार रात्रीच्या बंदोबस्ताला कानाला मफलर गुंडाळून बसले होते.

"साहेब! आमराईत हातभट्टी! गाडीवरची! पेणचा नंबर हाय!"

इकडे चंद्रावती ताडपत्रीच्या आत शिरली होती. नाथा बाहेर, एक हात लाल नळावर, एक हात निळ्यावर, जहाजाच्या कप्तानासारखा!

"सोडू गो?"

"सोडा. हळू."

नाथाने नळ सोडले. आत पाणी पडल्याचा आवाज आला. मग काहीच नाही. नाथा ताडपत्रीकडे वाकला.

"काय गो? जास्त झालं? कमी झालं?"

"अगो बाय!" आतून आवाज आला. "अवो... असंच राहू द्या. हात लावू नका!"

नाथाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने बंबाच्या चुलाणात आणखी एक लाकूड सारलं. मुलूख समोर उलगडत होता! मुरूडचा समुद्र, महाबळेश्वर, पार कोल्हापूरची अंबाबाई!

"बंद कर ते!"

नाथाने मागे पाहिलं. काठी उगारून हवालदार उभे होते आणि लांब रस्त्यावर सायकल धरून एक दूधवाला.

"बंद कर म्हणतो ना! नळ बंद!"

खाकी कपडे पाहून बत्तीस वर्षं ट्रक चालवलेल्या ड्रायव्हरचे हात आपोआप चालतात. नाथाने दोन्ही नळ बंद केले.

"किती दिवस चाललाय हा धंदा?"

"आजच पयला दिवस, साहेब!"

"कबूल करतोस?" हवालदार जरा खूश झाले. एवढ्या लवकर कोणी कबूल करत नसे. "आणि त्या ताडपत्रीमागे काय? माल?"

"माल नाय, साहेब! बायको हाय!"

"बायकोला पण धंद्यात घेतलंस?"

"धंद्यात नाय, साहेब, आंघोळीत!"

"अवो!" ताडपत्रीमागून हाक आली. "पानी का बंद केलं? डोक्याला शिकेकाय लावलीय मी!"

"कोण आहे आत? बाहेर या!" हवालदारांनी काठी जमिनीवर आपटली.

मग चंद्रावतीचा आवाज आला, पण तो मघाचा आवाज नव्हता. ह्या आवाजाला पेणच्या बाजारात कोळणीसुद्धा भाव कमी करायच्या.

"कोन हाय रे तो? माझ्या डोळ्यांत शिकेकाय चाललीय! पानी सोडतोस का येऊ हाय तशी बाहेर?"

हवालदारांनी गर्रकन पाठ फिरवली. नुसती पाठ फिरवून त्यांचं समाधान होईना, म्हणून त्यांनी मफलर डोळ्यांवर ओढला.

"सोड! सोड पाणी! लवकर!"

"पन साहेब, तुमीच म्हनला बंद..."

"सोड रे बाबा! कायद्याचा हुकूम आहे!"

ह्या गडबडीत नळ बंद राहिल्यामुळे बंबात वाफ चढली होती. तिने शिट्टी मारली, आणि डोळ्यांवर मफलर असलेले हवालदार थेट आंब्याच्या मागे उडी मारून पडले!

पाच मिनिटांनी चंद्रावती नवं पातळ नेसून, ओले केस पुसत बाहेर आली. हवालदार उभे राहून अंगावरचा पाला झटकत होते. त्यांनी कर्तव्य म्हणून झारीच्या तोंडाखाली ओंजळ धरली, वास घेतला, जिभेला लावून पाहिलं.

"पाणीच आहे," ते म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता.

"मग काय असनार? पंचामृत?" चंद्रावती म्हणाली.

हवालदारांनी ओंजळीतलं ऊन पाणी मानेला चोळलं. मग त्यांचा आवाज एकदम बदलला. "मावशी, चार दिवस बंदोबस्त चाललाय. रात्रभर नाक्यावर बसायचं आणि सकाळी चौकीतल्या हौदाचं पाणी. बर्फ नुसता! पाठ अशी धरलीय की..."

चंद्रावतीने नवऱ्याकडे पाहिलं. नाथाने लाल नळाकडे पाहिलं.

"कपडे त्या फांदीवर ठेवा," ती म्हणाली. "साबन आत हाय."

हिरामण हवालदार जे आत गेले, ते वीस मिनिटं बाहेर येईनात! आधी गुणगुणण्याचा आवाज आला, मग चांगला खड्या सुरात अभंग. बाहेर आले तेव्हा माणूस दहा वर्षांनी लहान दिसत होता. बटणं लावता लावता ते म्हणाले, "माझी ड्यूटी संपली. मला रोह्याला सोडता का? आणि हो... तो पोपट दूधवाला इथली खबर घेऊन पुढे गेलाय. कुठे कुठे बोलला असेल, देव जाणे."

"कुटं दूध घालतो तो?"

हवालदारांनी गाव सांगितलं. चंद्रावतीच्या हातातला कंगवा खाली पडला. ते तिचं माहेर होतं!

"गाडी काडा!" ती ओरडली. "आन ती आग विझवा!"

"निखारे राहू दे गो. घरी सगळ्यांना दाखवू ना!" नाथा म्हणाला. विजयी माणसाला सावध करणं कोणाला जमलंय?

तिकडे कमळाकरच्या दारात मांडव सजला होता. पोपटने किटलीतून दूध ओतता ओतता बातमीही ओतली होती. "पेणची गाडी! म्हातारा आन बाई! हवालदार साहेबांनी रंगेहाथ धरलं!" कमळाकरला पेणच्या गाडीतून येणारा म्हातारा एकच माहीत होता. "आमचे भावजी!" म्हणत त्याने डोक्याला हात लावून खाली बसकण मारली. आणि त्याच वेळी मुलाकडची जीप दारात थांबली.

मुलाचे आजोबा हैबतराव महाडचे. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. अंगात कोट, डोक्यावर फेटा, हातात काठी, मिशा तलवारीसारख्या. थंडीत पहाटे जीपमध्ये बसून ते आले होते, तेही आयुष्यात पहिल्यांदाच आंघोळ न करता; कारण निघायच्या वेळी त्यांच्या घरची चूल पेटली नव्हती! मानेपासून कमरेपर्यंत सगळं अंग आखडलं होतं आणि स्वभावही. त्यांनी उतरता उतरता पोपटची गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकली.

"मुलीच्या आत्याचे यजमान हातभट्टी चालवतात?"

"नाय ओ सुभेदार! भावजी तसे नाय! ते मिठाच्या गाडीवर..."

"हे असलं नातं आम्हाला चालणार नाही. जीप फिरवा!"

वैशाली खिडकीत उभी होती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं. नवरा मुलगा आजोबांच्या मागे उभा राहून तिच्याकडे पाहत होता आणि काय करावं हे न कळून फेट्याचा शेव चावत होता.

तेवढ्यात वळणावरून मॅटॅडोर आली. पुढे ड्रायव्हरशेजारी पूर्ण गणवेशात हवालदार, आणि मागून धुराचा लोट!

"धरून आनलं!" पोपट ओरडला. "मुद्देमालासकट!"

नाथाने हॉर्न वाजवत गाडी थाटात मांडवासमोर उभी केली आणि हसत खाली उतरला. समोर पन्नास चेहरे, आणि हसणारा एकही नाही! कमळाकर हात जोडून हवालदारांकडे धावला. "साहेब, सोडा त्यांना! लगीनघर हाय!"

"कोणाला सोडू?" हवालदार म्हणाले. "यांनीच मला सोडलंय, गाडीतून. देवमाणूस आहे! काय ती आंघोळ!"

"लाच!" सुभेदार गरजले. "पोलिसाला आंघोळीची लाच?"

आता चंद्रावती खाली उतरली. तिने पदर खोचला, भावाला बाजूला केलं आणि सरळ सुभेदारांसमोर जाऊन उभी राहिली. "सुभेदार, माझ्या मालकांनी बत्तीस वरसं गाडी चालवली, कदी एक थेंब घेतला नाय. हा बंब त्यांनी माझ्यासाठी केला. नुसत्या पान्याचा. एका बाईला थंड पान्यानं आंघोळ नको, एवढ्यासाठी! तुमाला भट्टी वाटते? मग बघा ना उघडून! बघितल्याबिगर जीप फिरवाल तर फौजेतलं डोकं कशाला म्हनायचं?"

सुभेदारांच्या मिशा हलल्या. असं त्यांच्याशी बोलणारं माणूस त्यांना सीमेवरही भेटलं नव्हतं.

"दाखवा," ते म्हणाले.

नाथाने ताडपत्री बाजूला सारली. सुभेदार काठी टेकत झारीच्या तोंडासमोर आले आणि तपासणीला उभे राहावं तसे ताठ उभे राहिले. नाथाने लाल नळ फिरवला. निळा फिरवला.

आता रोह्याचा रस्ता कसा आहे ते मी सांगायला नको. खड्ड्यांनी झारीचं तोंड खिळखिळं करून ठेवलं होतं! ते बंदुकीच्या गोळीसारखं सुटलं, सुभेदारांच्या कानाजवळून गेलं, आणि मागून मनगटाएवढी गरम पाण्याची धार थेट त्यांच्या छातीवर! कोट भिजला, मिशा लोंबल्या, फेट्याचा शेव पाठीला चिकटला!

कमळाकरने डोळे मिटले. वैशालीने खिडकी लावून घेतली. नाथाने धडपडत नळाकडे हात नेला.

"थांबा!" सुभेदार ओरडले.

नाथाचा हात हवेतच राहिला. पाणी वाहत होतं. सुभेदार डोळे मिटून उभे होते. मग ते हळूहळू, परेडमध्ये वळतात तसे, मागे वळले.

"आता जरा पाठीवर," ते म्हणाले. "खांद्याच्या खाली. हां! डावीकडे... अजून डावीकडे... आहाहा!"

मांडवातून पहिलं हसू फुटलं ते नवऱ्या मुलाचं. मग सगळा मांडव हसला!

पुढचं काय सांगावं? सुभेदारांनी तिथेच ताडपत्री लावून रीतसर आंघोळ केली. आतून हुकूम सुटत होते, "साबण! लाकूड घाला! कोण आहे तिकडे, पिंप भरा!" आणि मुलाकडचे नि मुलीकडचे हंडे-कळशा घेऊन विहिरीवर एकत्र धावत होते. कोण कोणाचा, हे पाणी भरताना कोणाच्या लक्षातही राहिलं नाही. पोपट दूधवाल्याला चंद्रावतीने सर्वांत मोठा हंडा दिला. अकराचा मुहूर्त टळून गेला, पण गुरुजी म्हणाले, "दुसराही चांगला आहे." कारण तेही रांगेत उभे होते!

साखर वाटली गेली. कोट वाळत असल्यामुळे सुभेदार नाथाची चौकड्यांची लुंगी आणि स्वेटर घालून बसले होते, पण बसले होते राजासारखे. त्यांनी सगळ्यांसमोर नाथाच्या पाठीवर थाप मारली. "तीस वर्षं फौजेत होतो, ठाकूर. बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो. बायकोसाठी असलं यंत्र बनवणारा माणूस मी पाहिला नाही. लग्नाला ही गाडी महाडात आलीच पाहिजे! आणि आदल्या दिवशी!"

नाथाची मान ताठ झाली. पण त्याचं लक्ष चंद्रावतीकडे होतं. ती मॅटॅडोरच्या पायरीवर बसून पिंपाच्या काढून ठेवलेल्या झाकणावर कोणीतरी ठेवलेली जिलेबी खात होती. तो जवळ जाऊन उभा राहिला. उगाच चाकाला लाथ मारून त्याने हवा तपासली.

"अवो," तीच म्हणाली, "महाडहून समुद्राला कुटनं जातात?"

"हरिहरेश्वराला जाता येतं."

"मग लगीन झालं की तिकडनंच जाऊ. परत पेनला कशाला यायचं उगाच, एवढा फेरा मारून?"

असा दिवस माणसाच्या आयुष्यात एकदाच येतो! नाथा त्या आनंदात असतानाच रोह्याहून आलेला फोटोग्राफर ओरडला, "चला, सगळे गाडीजवळ! यंत्रासकट फोटो!"

सगळे जमले. मध्ये लुंगीवर फेटा बांधलेले सुभेदार, त्यांच्या बाजूला सलाम ठोकून हिरामण हवालदार, लाजणारी वैशाली, दात दाखवणारा नवरा मुलगा, हंडा घेतलेला पोपट आणि ओल्या केसांत अबोलीचा गजरा माळून खळखळून हसणारी चंद्रावती.

"काका, तुम्ही यंत्राजवळ!" फोटोग्राफर म्हणाला. "जरा रुबाबात!"

नाथाने छाती पुढे काढली, मान तिरपी केली आणि वाघ मारलेला शिकारी वाघावर हात ठेवतो, तसा ऐटीत आपला तळहात बंबावर टेकवला. सकाळपासून एकवीस आंघोळींसाठी पेटत असलेल्या बंबावर!

आठ दिवसांनी फोटो पेणला आला. चंद्रावतीने तो चौकट करून मॅटॅडोरमध्ये पलंगाच्या वर लावला आहे. सुभेदारांची मिशी दिसते, हवालदारांच्या टोपीवरचं चिन्ह दिसतं, बंबाचा एकेक पोचा मोजून घ्यावा इतका स्पष्ट आलाय. बंबाच्या शेजारी, नाथा उभा होता तिथे, जमिनीपासून हातभर वर एक हललेला पांढरा ढग दिसतो आणि त्या ढगातून बाहेर आलेली एक चप्पल.

"हे कोन?" असं कोणी विचारलं, की नाथा घाईघाईने चहा टाकायला उठतो.